पानावर एक मोदक

जरा बसू या.

पाठ मुद्दाम ताठ करू नका. जशी आहे तशी राहू द्या. मांडी घातली असेल तर तशीच असू द्या. खुर्चीवर असाल तर तळवे जमिनीला टेकू द्या.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

घाई नाही. नैवेद्य व्हायचा आहे अजून.

डोळ्यांसमोर एक घर येऊ द्या. कोकणातलं, कौलारू. भाद्रपद शुद्ध चतुर्थीची दुपार. नुकतीच एक सर येऊन गेली आहे आणि पागोळ्या अजून गळताहेत.

एक थेंब. मग काहीच नाही. मग पुन्हा एक थेंब.

तो ऐका.

माजघरात पंगत मांडली आहे. बसायला पाट, पाटासमोर केळीचं पान. पान ओल्या फडक्यानं पुसलेलं आहे, तरी मधल्या शिरेला पाण्याचे दोन-तीन मणी चिकटून राहिले आहेत. पान अजून कोरं आहे. नुसतं हिरवं.

त्या हिरव्या रंगाकडे पाहा.

काही वाढलेलं नाही, तेव्हाचं पान आपण कधी पाहिलंय का? बहुतेक नाही. पानावर बसतो तोवर मन पुढं पळालेलं असतं. आज त्याला परत बोलवा. हळूच. ओरडून नको.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

आतून हळदीच्या पानांचा वास येतो आहे. मोदकपात्राच्या चाळणीवर तीच पानं अंथरली आहेत, त्यावर मोदक, वर झाकण. पावसाळ्यात परसात हळद वाढते आणि चतुर्थीपर्यंत तिची पानं हातभर लांब होतात. वाफ लागली की त्यांचा वास सुटतो. आल्याच्या जवळचा, पण आल्यापेक्षा मऊ. थोडा ओल्या गवतासारखा.

तुमच्या घरी हळदीचं पान नसेल. देशावर तुमच्याकडे तळणीचे मोदक होत असतील, किंवा सणाला पुरणपोळीच लागत असेल. परदेशात कुठं असाल तर फ्रोजन खोबऱ्याचं सारण असेल आणि मायक्रोवेव्हची उकड. चालेल. जे तुमचं आहे ते समोर घ्या. मी इथं मोदक म्हणत राहीन, तुम्ही तुमचा पदार्थ पाहत राहा.

आता वाढायला सुरुवात होते.

आधी मीठ. पानाच्या वरच्या बाजूला, मध्यभागी, चिमूटभर.

मग डावीकडं लिंबाची फोड. चटणी. कोशिंबीर. उजवीकडं भाजी. आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण, वरणावर तूप. तूप वरणावरून सावकाश खाली येतं, भाताच्या दोन शितांमध्ये थांबतं, मग पुढं जातं.

त्याच्याबरोबर तुम्हीही थांबा.

आणि मग, उजव्या हाताशी, एक मोदक.

एकच.

आज एवढंच पाहायचं आहे. पानावरचा एक मोदक.

तो पांढरा आहे, पण खडूसारखा पांढरा नाही. उकडल्यावर त्याला एक तुळतुळीतपणा आला आहे. पारी पातळ आहे, म्हणून आतल्या गुळाची तांबूस सावली बाहेर दिसते. खाली रुंद, वर निमुळता. टोक किंचित एका बाजूला झुकलं आहे.

त्याच्या कळ्या दिसताहेत का?

मोजा. सावकाश.

एक. दोन. तीन.

चौथी जरा जाड आहे. पाचवी तिच्याकडं कललेली आहे.

सहा. सात. आठ.

नऊ. दहा. अकरा.

बारावी अर्धवटच आहे. तिथं बोटाचा ठसा राहिला आहे.

त्या ठशाशी थांबा.

ते बोट सकाळी सहापासून जागं आहे. माझ्या आठवणीत ते आत्याचं बोट आहे. तुमच्या आठवणीत आईचं असेल, सासूबाईंचं असेल, मोदक शिकून घेतलेल्या एखाद्या बाबांचं असेल. त्या बोटाला पाहू या.

परातीत उकड आहे. वाटीभर पाण्यात वाटीभर पिठी, थोडं मीठ, चमचाभर तूप. सुवासिक तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, दळून आणलेली पिठी. उकड गरम आहे. गरम आहे तोवरच मळायची असते, नाहीतर पारीला कडेनं चिरा पडतात. म्हणून आत्या हाताला तेल-पाणी लावते, चटका सोसते, पुन्हा हात बुडवते.

लिंबाएवढा गोळा. त्याची वाटी. अंगठा आत, बोटं बाहेर, आणि वाटी फिरत राहते. कडा पातळ होत जातात, मधला भाग जाड राहतो, कारण सारणाचा भार तिथं येणार. मग चिमटीनं कळ्या. मग चमचाभर सारण, खोवलेला नारळ आणि गूळ, त्यात वेलची, जायफळ, भाजलेली खसखस. मग सगळ्या कळ्या एका जागी आणायच्या. हलकेच. दाबून नाही.

नैवेद्याला असे २१.

आत्या हे करताना बोलत नाही. रेडिओही लावत नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "बोलले की कळी जाड येते."

एवढंच म्हणाली आणि पुढची पारी हातात घेतली.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

आता पुन्हा पानाकडं या. मोदक तिथंच आहे. त्यातून वाफेचा एक धागा निघतो आहे, दिसतो न दिसतो.

आणि आता आत काय चाललंय ते ऐका.

तिथं एक आवाज असेल. तो म्हणत असेल, सण आहे, वर्षातून एकदा येतो, खा पोटभर, आजच्या दिवशी कसला हिशोब.

दुसराही एक आवाज असेल. तो म्हणत असेल, साखर, तूप, नारळ. वजन वाढेल. उद्या काट्यावर उभं राहायचंय. एक ग्रॅम तुपाच्या नऊ कॅलरी.

दोघांनाही बोलू द्या. कुणालाही गप्प करू नका. कोण बरोबर ते ठरवायलाही जाऊ नका.

नुसतं ऐका.

पहिला आवाज वर्षाचं बोलतो आहे. दुसरा उद्याचं.

मोदक इथं आहे. आत्ता आहे. कोमट होत चालला आहे. त्याच्याकडं या दोघांपैकी कुणीच पाहत नाही.

तुम्ही पाहा.

आवाज चालू असतानाच पाहा. पागोळ्यांसारखेच ते आवाज, बाहेर गळत राहतील.

एक थेंब. मग काहीच नाही.

हात पुढं करा.

पाची बोटांनी मोदक उचला. बोटांना त्याची ऊब लागते. पारी मऊ आहे, थोडी चिकट. तिला वजन आहे. हातावर हे वजन काही क्षण राहू द्या. तांदूळ, नारळ, गूळ. एक शेत, एक माड, उसाचा एक फड. सगळं मिळून चार बोटांत मावतं.

तो नाकाजवळ आणा.

आधी हळद येते. मग वेलची. मग, अगदी मागून, गुळाचा खमंग, जरासा करपट वास.

तो वास आत घ्या.

आत्ता तोंडाला पाणी सुटलं असेल. सुटू द्या. शरीर तयार होतं आहे. त्यालाही पाहिल्याशिवाय, हुंगल्याशिवाय जेवायला आवडत नाही. आपणच त्याला ती उसंत देत नाही.

मोदकाचं टोक हळूच मोडा.

आतून वाफ येते. सारण दिसतं, ओलसर, तांबूस, त्यात खसखशीचे पांढरे कण. वरून तुपाची धार सोडा. तूप आत उतरतं. कुठं जातं ते दिसत नाही.

आता पहिला घास.

चावू नका लगेच.

जिभेवर राहू द्या. आधी पारीचं मीठ लागतं, अगदी पुसट. मग तूप. मग पारी तुटते आणि गूळ येतो.

आता चावा. खोबरं दातांखाली करकरतं. खसखस त्याहून बारीक करकरते. ऐकू येतं का? आपल्या चावण्याचा आवाज आपल्यालाच ऐकू येणं, पंगतीच्या गलक्यात हे फार कमी वेळा घडतं.

गिळा.

आणि हात खाली ठेवा.

पुढचा घास अजून नको. जो गेला त्याच्या मागं जा. घशातून खाली. छातीमागून. पोटाच्या वरच्या बाजूला कुठंतरी एक ऊब पसरते.

तिथं थांबा.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

दुसरा घास घ्या. तसाच, सावकाश.

हा पहिल्यासारखा लागला का?

नसेल लागला. जीभ एकाच चवीला लवकर सरावते. पहिल्या घासाला जी गोडी असते ती तिसऱ्याला नसते, पाचव्याला तर नुसता हात चालतो. यात कुणाचं चुकलेलं नाही. फक्त ते लक्षात येऊ द्या.

आता पानाच्या डाव्या बाजूला पाहा.

लिंबाची फोड तिथं वाट पाहते आहे. चटणी सुपारीएवढी. कोशिंबीर दोन चमचे. डावी बाजू कधीच ढीगभर वाढत नाहीत. तिखट, आंबट, खारट, तुरट, सगळं थोडं थोडं. मेथी किंवा कारलं असेल तर कडूही. ही मापं कुणी कागदावर लिहून दिलेली नाहीत. वाढणाऱ्या हाताला ती ठाऊक असतात.

चटणीला बोट लावा. जिभेला लावा.

जीभ जागी होते.

मोदकाच्या शेजारी चटणी का असते, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. गोड खाऊन कंटाळा येऊ नये म्हणून, एवढंच वाटायचं. आता वाटतं, चटणी आपल्याला पानावर परत आणते. मन कुठंतरी गेलेलं असतं, तिखटाचा कण लागतो आणि आपण इथं येतो.

इथंच राहा.

याच पंगतीत, समोरच्या ओळीत, आत्या बसली आहे. सगळ्यांचं झाल्यावर बसते, पण आज तिला बळंच बसवलं आहे. तिला मधुमेह आहे. दंडावर इन्सुलिनच्या सुईच्या खुणा आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एक पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे अशी आत्या प्रत्येक पंगतीत असणार, कुठं काका असतील, कुठं शेजारचे आजोबा असतील.

तिच्याकडं पाहा.

तिच्या पानावर एक मोदक आहे. भाताची मूद वाढलेली नाही. डॉक्टरांशी बोलून, भाताऐवजी मोदक, असं तिनं ठरवलं आहे. ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी आखलेली रेघ असते, ती या मननानं पुसायची नाही. कुणाच्या वाट्याला अर्धा येईल. कुणाच्या वाट्याला नुसता वास येईल.

आत्या मोदक उचलते. उलटा करून खालून पाहते, चिकटला तर नाही ना. मग टोक मोडते. चिमूटभर खाते. पाणी पिते. थोडी कोशिंबीर खाते. पुन्हा मोदकाकडं येते. बाजूला मुलांची पैज लागली आहे, पाच झाले, सहा झाले, सात. आत्याचा एक अजून चालू आहे.

शेवटचा घास ती डोळे मिटून घेते.

मग मान हलवते. स्वतःशीच. "यंदा गूळ चांगला लागलाय," म्हणते.

सात खाल्लेल्या मुलांना गूळ कसा होता ते सांगता येणार नाही.

मोदक कुणी खाल्ला असं विचारलं, तर मी आत्याचं नाव घेईन.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

आता लक्ष पोटाकडं नेऊ या.

हात तिथं ठेवा. बेंबीच्या जरा वर. श्वास घेतला की हात वर येतो. सोडला की खाली जातो. वर. खाली. यासाठी आत जागा लागते.

वाग्भटानं 'अष्टांगहृदया'त पोटाचे चार भाग कल्पिले आहेत. दोन भाग अन्नासाठी. एक पाण्यासाठी. चौथा मोकळा ठेवायचा, वायूला फिरायला.

त्या चौथ्या भागाशी थोडा वेळ राहू या.

घरात अशी एक जागा असते. ओटीवर, दाराजवळ. तिथं काही ठेवायचं नाही, असं कुणी सांगितलेलं नसतं, पण ठेवत नाहीत. येणारा-जाणारा तिथून जातो. उजेड तिथून आत येतो.

पोटातही ती जागा आहे.

श्वास तिथं जाऊ द्या.

वर. खाली.

ती मोकळी आहे, की भरत आली आहे? उत्तर शब्दांत नको. हाताखाली काय जाणवतं तेवढंच.

पोट हळू बोलतं. भरलं हे त्याला लगेच सांगता येत नाही. पंधरा-वीस मिनिटं लागतात, असं आहारतज्ज्ञ सांगतात. आपण तोवर पुढं गेलेलो असतो. म्हणून हा सगळा सावकाशपणा. पोटाला बोलायला वेळ मिळावा म्हणून.

थांबा त्याच्यासाठी.

आणखी थोडं थांबा.

आता वाढणारी पुन्हा येते आहे. हातात ताट, ताटात मोदक, चेहऱ्यावर घाम आणि हसू. "घ्या हो, एकानं काय होतंय? सणाचा दिवस."

या आग्रहाकडंही नीट पाहा. त्यात प्रेम आहे. पहाटे उठलेल्या माणसाचं प्रेम, चटके सोसलेल्या हातांचं. ते परतवून लावायचं नाही. वाढणारीच्या डोळ्याला डोळा द्या.

मग आत पुन्हा एकदा विचारा. अजून एक हवा आहे का?

खरंच हवा असेल तर घ्या. आनंदानं घ्या. पहिल्यासारखाच घ्या, कळ्या मोजत, वास घेत, टोक मोडत. दुसऱ्या मोदकाचाही तो हक्क आहे.

आणि नसेल हवा, तर पानावर हात आडवा धरा. तळवा खाली. गरम भाताची वाफ तळव्याला लागते.

तळव्याला ती वाफ लागू द्या.

आणि म्हणा, "पुरे."

हळू म्हणा. स्वतःला ऐकू जाईल एवढं.

पुरे.

आपल्या भाषेत 'नको' वेगळं आहे आणि 'पुरे' वेगळं. नको म्हणताना मान बाजूला वळते. पुरे म्हणताना हात पानावरच असतो. जे मिळालं ते मिळालं, आणि ते पुरलं, असं त्यात येतं. पुरे आणि पूर्ण जवळचे शब्द आहेत.

पुन्हा एकदा म्हणून पाहा.

पुरे.

कुठं जाणवतं ते पाहा. घशात? छातीत? की हाताखाली, त्या मोकळ्या जागेत?

एखादी चतुर्थी अशीही येते, की हे काहीच जमत नाही. गप्पा रंगतात, भावंडं वर्षानं भेटलेली असतात, पाच कधी झाले कळत नाही. मग दुपारी चटईवर डाव्या कुशीला पडायचं आणि पोटावर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं.

तसं झालं असेल तर त्या जडपणाकडं या.

त्याला रागावू नका. उद्या उपास करीन, असं त्याला धमकावूही नका. डावी कूस. हात पोटावर. वर. खाली. जड आहे, एवढंच. श्वास थोडा वरच्यावर येतो आहे. येऊ द्या.

शरीर काम करतं आहे. न बोलता.

त्याला एवढा वेळ द्या.

मला काळजी वाटते ती या दुपारची नाही. तिच्यानंतरच्या दहा दिवसांची वाटते. दर्शनाला गेलो, हातावर पेढा आला. आरती झाली, खिरापत आली. कुणाकडं बर्फी, कुणाकडं लाडू, कुणाकडं चहाबरोबर फरसाण. बोलता बोलता तोंडात गेलं.

आठवून पाहा. मागच्या वर्षीचा एक तरी पेढा आठवतो का? त्याची चव, त्याचा रंग?

नसेल आठवत, तर तो फक्त शरीराला मिळाला. तुम्हाला मिळालाच नाही.

यंदा प्रसाद हातावर आला की एक श्वास थांबा. नुसता एक. कपाळाला लावतो आपण, तेवढ्याच वेळात होतं. मग चिमूटभर खा, आणि चव कळेपर्यंत तिथंच उभे राहा. उरलेला घरी न्या, कुणाला तरी द्या. प्रसाद वाटायचाच असतो.

आता उठू या.

सावकाश. गुडघ्यावर हात टेकून.

हात धुवा. बोटांना अजून तूप आहे, पाणी त्यावरून ओघळून जातं. बोटं पुन्हा एकदा नाकाशी न्या. वेलची आहे अजून.

अंगणात या. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झालं आहे. घरात त्याला शतपावली म्हणतात. शंभर मोजायलाच हवीत असं नाही.

एक पाऊल.

ओली माती तळव्याला लागते.

आणखी एक पाऊल.

तुळशीपाशी पाणी साचलं आहे. त्यात कौलांची कड दिसते आहे. पागोळ्या थांबल्या आहेत.

श्वास आत.

श्वास बाहेर.

कालचा दिवस आठवा. काल हरितालिका होती. घरातल्या बायकांचा उपास होता. कुणी फळं खाल्ली, कुणी पाण्याचा थेंबही घेतला नाही. चूल शांत होती. वाळूच्या पिंडीवर पत्री वाहिली, रात्री जागरण झालं, आणि मग आजची सकाळ उगवली, उकडीची आणि गुळाची.

काल रिकामं पान. आज भरलेलं.

आणि उद्या?

स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहा. ओट्यावर मोदकपात्र उपडं पडलं आहे. हळदीची पानं वाफेनं काळसर होऊन एका बाजूला गोळा करून ठेवली आहेत. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून केलेल्या निवगऱ्या झाकून ठेवल्या आहेत, संध्याकाळसाठी.

आणि कोपऱ्यात, सुपात, उद्याची भाजी आहे.

अळूची पानं देठांसकट. लाल माठ. पडवळ, शिराळं, भेंडी. लाल भोपळ्याची एक फाक. मक्याचं कणीस. मातीनं माखलेला सुरण. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरल्या शेतातलं नाही. परसात, बांधावर, माणसाच्या हातानं आलेलं तेवढंच. तेल-मसाला नाही. थोडी चिंच, थोडी मिरची, ओलं खोबरं. सगळं एका पातेल्यात, मंद आचेवर.

त्या सुपाशी थांबा.

अळूच्या पानावर पाण्याचा एक मणी आहे. तो पानाला चिकटत नाही. नुसता बसून आहे.

त्याच्याबरोबर बसा.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

आत्या आली. तिनं पाटावर बसून सूप पुढं ओढलं, सुरणाची माती बोटानं खरवडून पाहिली आणि विळी मागितली. हाताला खाज येऊ नये म्हणून बोटांना चिंचेचं पाणी लावलं.

ती आता बोलणार नाही. हवं तर शेजारी बसा आणि अळूचे देठ सोला.